खोडलेल्या सहा ओळी

नाशिक, ९ फेब्रुवारी १९७६
(तुरुंग अधीक्षकांच्या मार्फत)

श्री. कोंडाजी गांगुर्डे यांस,

आपले कार्ड मिळाले. प्रकृती बरी आहे हे वाचून समाधान वाटले. इकडे सर्व ठीक. कचेरीत मार्चअखेरची कामे सुरू झाली असून आपल्या टेबलावरच्या फायली सध्या माझ्याकडे दिल्या आहेत.

१८ जानेवारीच्या प्रयोगाबद्दल मी साहेबांना काय सांगितले, असे आपण विचारले आहे. जे घडले तेच सांगितले. लॉर्ड हार्विलच्या शेवटच्या भाषणातल्या सहा ओळी मुंबईच्या नाट्यपरिनिरीक्षण मंडळाने लाल शाईने खोडून, शिक्का मारून नाटकाची प्रत परत पाठवली होती. मी प्रॉम्प्टर म्हणून विंगेत बसलो होतो. माझ्या हातातल्या वहीतही त्या ओळी खोडलेल्या होत्या. ती वही मी साहेबांना व इन्स्पेक्टरसाहेबांना दाखवली. तरीही त्या ओळी आपण रंगमंचावर का बोललात, हे आपणच सांगू शकाल. मला त्याचे आश्चर्यच वाटले. साहेबांनी हे सर्व लेखी मागितले, ते मी दिले.

नाटक मुळात एका राजनिष्ठ माणसाचे आहे, हेही मी त्यांच्या निदर्शनास आणले. इंग्लंडातला उमराव, पार्लमेंटचा सभासद, राजासाठी प्राण देतो. त्या सहा ओळी वगळल्या तर त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. लेखक कुलथे मास्तर आज हयात असते तर त्यांनीही हेच सांगितले असते.

आपल्या सौ. लताबाई येवल्याला माहेरी गेल्या आहेत, काळजी नसावी. आमच्याकडे सुला बाळंत झाली, मुलगी आहे. तेथील शिस्त पाळावी व वाचन करावे.

आपला,
पुंजाराम केदारे
कनिष्ठ लिपिक

नाशिक, २४ एप्रिल १९७७

जय भीम.

प्रिय कोंडाजी,

तू सुटलास हे मला चहावाल्याकडून कळावं? कचेरीच्या दारात तो म्हणाला, "गांगुर्डेसाहेब कधीच सुटले, नामपूरला बहिनीकडं गेले. तुम्हाला भेटले नाय का?" मी म्हणालो, भेटला की. काय सांगणार? येवल्यात एका गल्लीत वाढलो, एकाच एसटीने कारकुनीच्या परीक्षेला नाशिकला आलो, आणि हा बाबा तुरुंगातून सुटल्यावर आमच्या दारावरून पुढे निघून गेला, असं सांगू? भिमाबाईकडे तुझी आबाळ होणार नाही, ती बाई वाघीण आहे. तिथल्या कांदा मार्केटात मापाड्याच्या हाताखाली लिहायला बसतोस असंही कळलं. तुझ्या अक्षराला कांद्याची गोणी म्हणजे जरा अन्यायच आहे.

त्या पहिल्या पत्राचा राग धरू नकोस. 'आपण' काय, 'आपले' काय, वर जय भीम नाही की खाली पुंजा नाही. अरे, ते पत्र तुला नव्हतंच. तुझ्या हातात पडण्याआधी जो ते उघडणार होता, त्याला होतं. घरात काही दिवसांची पोर, सुलाला ताप, आणि दोन दिवसाआड कुणीतरी येऊन विचारतंय, नाटकमंडळीत आणखी कोण कोण असतात. माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस? हा प्रश्न विचारायला नको होता. पण लिहून गेलोय, आता खोडत नाही.

आणीबाणीत आत गेलेल्या सगळ्यांना आता कामावर परत घेतायत. तुझी फाईल मात्र वेगळ्या कपाटात आहे. तुला काढलं ते राजकारणासाठी नाही, 'मंजूर संहितेत हेतुपुरस्सर बदल करून कचेरीची बदनामी केली' म्हणून. म्हणजे साधा शिस्तभंग. त्याला नवा हुकूम लागू नाही. मी साहेबांना भेटलो, तुझी बाजू सांगितली. म्हणजे भेटायला गेलो होतो. ते मीटिंगमध्ये होते.

काल ट्रंकेतून नाटकाची वही काढली आणि बसून वाचली. कुलथे मास्तरांनी काय माणूस उभा केलाय रे! इतिहासात असा लॉर्ड हार्विल कुणी नाही, तीनचार उमरावांच्या हकिकती वाचून एक शिवलाय, हे ते स्वतःच सांगायचे. मोठ्या जमीनदाराचा मुलगा, पार्लमेंटात निवडून जातो आणि पहिल्याच भाषणात राजाच्या करांवर तुटून पडतो. मग राजा त्याला बोलावतो, समोर बसवतो आणि विचारतो, "नुसतं ओरडणार, की राज्य चालवून दाखवणार?" तिथून तो राजाचा माणूस. इतका, की जुने सोबती रस्त्यात त्याला ओळख देईनात.

आपण मास्तरांना विचारलं होतं, इंग्रज लॉर्डच का? ते म्हणाले, "आपल्याकडचा राजा घेतला की कुणाच्या तरी भावना दुखावतात. इंग्रज काही नाशिकला दगड मारायला येत नाहीत." आणि भूमिका तुला दिली तेव्हा आपले अध्यक्ष चंदरराव कुरकुरले होते, लॉर्डाला गोरा माणूस पाहिजे म्हणून. मास्तर म्हणाले, "पावडर दुकानात मिळते, चंदरराव. ताठ उभं राहणं मिळत नाही." ते तुझं उभं राहणं मला फार आठवतं. मंडळी विखुरली. हार्मोनियमच्या पेटीवर धूळ बसली आहे.

एकदा ये. नाहीतर मी येतो नामपूरला. तू ये म्हणालास तर.

तुझा पुंजा

नाशिक, ३ ऑगस्ट १९७९

जय भीम.

प्रिय कोंडाजी,

सुटल्यापासूनचं तुझं पहिलं कार्ड, आणि त्यात मोजून पाच शब्द. 'अपील केलंय. नाटकाची वही पाठव.'

वही वाळवीने खाल्ली रे. गेल्या पावसाळ्यात ट्रंक भिंतीला टेकलेली होती, भिंतीला ओल होती, खालून वाळवी कधी चढली कळलंच नाही. उघडलं तेव्हा भुगा हाताला आला. सुलाने तो चुलीत घातला. पाहिजे तर तिला विचार. नाहीतर तिला नको विचारूस, ती आजकाल फार विसरते.

अपिलात तू माझं नाव घेतलेलं नाहीस असं आमच्या आस्थापना शाखेतून कळलं. आधीच्या चौकशीतही घेतलं नव्हतंस. 'प्रॉम्प्टरची वही पुन्हा मागवून तपासावी' एवढीच तुझी मागणी. का रे? सरळ नाव घेतलं असतंस तर मला सरळ नाही म्हणता आलं असतं. हे असं नुसतं वहीकडे बोट दाखवून गप्प बसणं मला झोप लागू देत नाही.

खरं तेवढं सांगतो. शिक्क्याची प्रत कार्बनची, अंधुक. विंगेत झिरोचा बल्ब. त्यात ती वाचता येईना म्हणून मी तालमीची माझी वही घेऊन बसलो. प्रयोगाला शिक्क्याचीच प्रत हातात पाहिजे असा नियम आहे, पण तो कोणता प्रॉम्प्टर पाळतो? आणि तूही नेमका तिथेच अडलास. ओळी काढल्यानंतर तिथला सांधा तालमीत कधी बसलाच नव्हता. 'मी माझ्या राजाशी कधी खोटं बोललो नाही' म्हणालास आणि थांबलास, विंगेकडे पाहिलंस. आता अडलेल्या नटाला विंगेतून काय ऐकू येतं आणि काय ऐकल्याचा भास होतो, हे कुणी शपथेवर सांगावं?

दुसरा अंक आठवतो का? पार्लमेंट हार्विलवर खटला भरतं. राजा त्याला चिठ्ठी पाठवतो, 'तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही, हा राजाचा शब्द आहे.' मग वाड्याबाहेर गर्दी जमते, दगड येऊ लागतात, आणि तोच राजा हार्विलच्या मृत्यूच्या कागदावर सही करतो. आपला बारकू सही करताना हात थरथरवायचा. मास्तर ओरडायचे, "अरे, हात नाही थरथरत तेव्हा! सही चांगली वळणदार येते!"

मास्तरांचं खरं होतं.

अपिलाला माझ्या शुभेच्छा आहेत.

तुझा पुंजा

नाशिक, २० नोव्हेंबर १९८३

जय भीम.

प्रिय कोंडाजी,

अपील फेटाळलं गेल्यावर तुला लिहायला माझा हात धजला नाही. चार वर्षं होत आली. मी आता हेडक्लार्क आहे. ही बातमी तुला कशी वाटेल ते माहीत आहे, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी.

काल नाट्यमंडळाची बैठक झाली. पंचवीस वर्षं झाली म्हणून चंदररावांना हार्विलच पाहिजे. त्यांनी तुझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. 'भूमिका करीन. प्रॉम्प्टर पुंजाराम केदारेच पाहिजे.' सगळे माझ्याकडे बघून हसले. याला म्हणतात दोस्ती, असं बारकू म्हणाला.

मी म्हणालो, माझे डोळे गेलेत, चष्म्याचा नंबर वाढलाय. चंदरराव म्हणाले, "मंग मोठा बल्ब लावू. कोंडाजीबिगर लॉर्ड नाय आन् तुझ्याबिगर कोंडाजी नाय. इषय संपला." नवी मंजुरी आणायचा त्यांना कंटाळा, म्हणून शहात्तरचीच शिक्क्याची प्रत वापरायची ठरली. त्या सहा ओळी खोडलेल्याच राहणार. प्रमुख पाहुणे कोण, माहीत आहे? आपले साहेब. तुला काढल्याच्या हुकमावर ज्यांनी सही केली, तेच. निवृत्त होऊन गंगापूर रोडला बंगला बांधलाय त्यांनी. पहिल्या रांगेत मधली खुर्ची.

कोंडाजी, तुझ्या मनात काय आहे? मी काही लहान पोर नाही. आठ वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस आणि आता मीच पाहिजे म्हणतोस. तुला मला मारायचं असेल तर ये आणि मार, मी दार उघडं ठेवतो. पण नाटक मध्ये आणू नकोस.

तुझा पुंजा

नाशिक, ९ जानेवारी १९८४

जय भीम.

प्रिय कोंडाजी,

काल चार तास एका छताखाली होतो आणि आज तुला नामपूरच्या पत्त्यावर लिहितोय. लोक ऐकतील तर हसतील. पण करू काय? दर रविवारी तू एसटीने येतोस, बारकूला जय भीम घालतोस, चंदररावांचा चहा घेतोस आणि मला नुसती मान हलवतोस. तुझी एकही ओळ चुकत नाही. इतकी वर्षं कांद्याच्या गोण्यांवर बसून पाठ करत होतास की काय?

लाकडी कुऱ्हाड खोटी दिसते म्हणून तू काल खरी आणलीस. गोणपाटात गुंडाळून, मांडीवर ठेवून. चंदरराव खूष झाले. ठेवायची कुठे असं जल्लाद झालेल्या वाळूने विचारलं, तर तूच जागा दाखवलीस, विंगेत, माझ्या स्टुलाशेजारी. पातं माझ्याकडे करून ठेवलीस. ते मुद्दाम होतं की नाही, हे मी दिवसभर स्वतःला विचारतोय.

आणि दुसऱ्या अंकात राजाची चिठ्ठी वाचायला तू खिशातून निळं आंतरदेशीय पत्र काढलंस. मला विंगेतूनसुद्धा ओळखू आलं. माझं अक्षर आहे ते. शहात्तरचं, तुरुंगाचा शिक्का असलेलं. ते हातात धरून तू वाचलंस, 'तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही.' बारकू म्हणाला, प्रॉपर्टी चांगली आहे, जुना कागद वाटतो. मी हो म्हणालो.

पण मला भीती वाटते ती तिसऱ्या अंकाची. 'मी माझ्या राजाशी कधी खोटं बोललो नाही,' इथे आलास की तू थांबतोस. पुढची ओळ आहे, 'आता कॉलर सैल करा.' तुला ती येते. तरी थांबतोस आणि माझ्याकडे बघतोस. मी ओळ देतो, तू घेत नाहीस. मग थोड्या वेळाने स्वतःच बोलतोस. पहिल्या रविवारी मी मनात तीनपर्यंत मोजलं. पुढच्या रविवारी सात. काल अकरा.

आमची शैला प्रयोगाला येणार म्हणून हटून बसली आहे. आठ वर्षांची झाली. मला विचारते, "बाबा, तुम्ही नाटकात असता, मग दिसत का नाही? ऐकूपण येत नाही." मी तिला सांगितलं, प्रॉम्प्टर ऐकू आला तर तो वाईट प्रॉम्प्टर.

किती मोजायला लावणार आहेस?

तुझा पुंजा

नाशिक, ४ फेब्रुवारी १९८४

जय भीम.

कोंडाजी,

उद्या प्रयोग. हे टपालात टाकत नाही, उद्या मेकअपच्या आरशाखाली ठेवीन. रंग लावण्याआधी वाच.

ओळी मी दिल्या. माझ्या वहीत त्या खोडलेल्या नव्हत्या. मुंबईहून मंडळाची प्रत आली तेव्हा वहीत खुणा करायच्या राहिल्या, आज करू उद्या करू म्हणून. तू अडलास, तेव्हा माझं बोट वहीतल्या पुढच्या ओळीवर होतं आणि तोंडाने ती वाचली. इतकंच. दहा वर्षं जे करत आलो तेच केलं. पहिली ओळ देऊन झाल्यावर कळलं की ही कोणती ओळ आहे.

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला माहीत होतं. पण विंगेतून येईल तो शब्द घ्यायचा, त्या वेळी प्रॉम्प्टर राजा, हा मास्तरांचा पहिला नियम. तू घेतलीस. मग मी थांबायला हवं होतं. मी दुसरी दिली, तिसरी दिली. का दिल्या, माहीत नाही. कदाचित तू त्या फार छान बोलत होतास म्हणून.

'लोकहो, मी माझ्या राजासाठी मरतो आहे, त्याच्या भीतीसाठी नाही.
जो राजा आपल्याच माणसांना घाबरतो, तो आधी त्यांची तोंडं बांधतो.
मग त्यांच्या दारावर पहारे बसवतो.
मग एका सकाळी बोलणारं कुणी उरलेलं नसतं,
आणि ती शांतता त्याला आपला जयजयकार वाटते.
माझं डोकं त्याच्याकडे पाठवा. त्याला एका डोक्याची फार गरज आहे.'

त्या वर्षी टाळी कशी कडाडली होती! आणि चौथ्या रांगेतला एक माणूस टाळी न वाजवता खिशातल्या डायरीत लिहीत होता. आपण दोघांनीही त्याला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला नेल्याचं कळलं. मी कचेरीत गेलो, टिकमार्कची लाल पेन्सिल घेतली आणि वहीतल्या सहा ओळींवर रेघा मारल्या. पट्टी लावून मारल्या. मंडळाच्या रेघा शाईच्या होत्या, माझ्या पेन्सिलीच्या. कुणी नीट पाहिलं असतं तर कळलं असतं. मग ती वही घेऊन साहेबांकडे गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. आजवर मी सगळ्यांना सांगत आलो की बोलावलं होतं. मी स्वतः गेलो, कोंडाजी.

तू चौकशीत माझं नाव घेतलं नाहीस, कारण तुला वाटलं मी स्वतःच सांगेन. वाळवीबिळवी काही नाही. वही ट्रंकेतच आहे.

हार्विल किल्ल्यातल्या कैदेतून राजाला लिहितो, 'महाराज, सही करा. मी तुम्हाला तुमच्या शब्दातून मोकळं केलं.' मी तुझ्याकडे तसं काही मागत नाही. खोटं कशाला बोलू, मागतोच आहे. उद्या त्या जागी थांबू नकोस. एवढं कर.

पुंजा

नाशिक, ७ फेब्रुवारी १९८४

जय भीम.

प्रिय कोंडाजी,

सोबत चार तारखेचं पत्र आहे. ते मी आरशाखाली ठेवलं नाही. तीन वेळा मेकअपच्या खोलीपर्यंत गेलो. तिसऱ्या वेळी तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस, आणि मी विचारलं, "चहा घेणार का?" पत्र खिशातच राहिलं. म्हणजे तू थांबलास तेव्हा तुला यातलं काही माहीत नव्हतं, निदान माझ्या तोंडून.

झालं ते तुलाही माहीत आहे, तरी लिहितो. हे तुझ्याशिवाय आणखी कुणीतरी वाचणार आहे.

'मी माझ्या राजाशी कधी खोटं बोललो नाही.' तू थांबलास. वाळूने माझ्या शेजारची कुऱ्हाड उचलली आणि जाऊन उभा राहिला. मी 'आता कॉलर सैल करा' ही ओळ दिली. घेतली नाहीस. पुन्हा दिली. वीसपर्यंत मोजलं आणि मोजायचं सोडून दिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "इसरला रे लॉर्ड." चंदरराव पलीकडच्या विंगेतून पडदा पाडू का म्हणून हात करत होते. साहेब खुर्चीत पुढे झुकले. तुझ्या कपाळावर घामाचा एक थेंब नव्हता. तू विसरला नव्हतास. तू उभा होतास, आणि मला कळलं की तू उद्या सकाळपर्यंत असाच उभा राहशील.

शिक्क्याची प्रत मी खाली ठेवली. पिशवीतून वही काढली. कशाला आणली होती तेही माहीत नाही. लाल रेघांखालून पहिली ओळ वाचली, हळू, नेहमीसारखी. तू कानामागे हात धरलास, बहिऱ्या माणसासारखा. पुन्हा वाचली, जरा मोठ्याने. तुझा हात तसाच. तिसऱ्या ओळीला माझा आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला असणार, कारण खुर्च्या कुरकुरायच्या थांबल्या. सहावी ओळ वाचताना मी स्टुलावरून उठून विंगेच्या बाहेर आलो होतो, वही हातात, चष्मा नाकावर, लोकांना दिसेल असा. तू एकही ओळ बोलला नाहीस. सगळ्या माझ्याच आवाजात गेल्या. मग तू शांतपणे म्हणालास, 'आता कॉलर सैल करा. मला थंडी वाजत नाही,' आणि ओंडक्यावर मान ठेवलीस.

टाळ्या किती वेळ चालल्या! चंदररावांनी मला मिठी मारली, "काय आयडिया काढली रे दोघांनी! आतला आवाज! पुन्यालासुद्धा जमनार नाय!" मी तिथेच हसून सुटलो असतो. जवळजवळ हसलोच होतो.

पण साहेब आत आले. ते म्हणाले, "केदारे, त्या ओळी तुमच्या वहीत खोडलेल्या होत्या ना? मी स्वतः पाहिल्या होत्या."

मी म्हणालो, "हो साहेब. मी खोडल्या. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी. ओळी मीच दिल्या होत्या."

त्यांनी वही हातात घेतली. पानावर बोट फिरवलं, बोटाला पेन्सिलीचा लाल रंग लागला, तो त्यांनी रुमालाला पुसला. म्हणाले, "हे मला कशाला सांगता? मी रिटायर झालो. ज्यांना सांगायचं त्यांना लेखी द्या." आणि गाडीत बसून गेले. आठ वर्षं मी ज्यांना भ्यालो, ते एवढंच बोलले.

मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू चेहऱ्यावरची पावडर धूत होतास. मान वर न करता म्हणालास, "आवाज चांगला हाय रे तुझा, पुंजा. आठ वरसं कुठं ठिवला व्हतास?" पिशवी उचललीस आणि एसटी गाठायला निघून गेलास. कुऱ्हाड माझ्या स्टुलाशेजारीच राहिली आहे. शैला घरी येताना म्हणाली, "बाबा, ते तुम्हीच होतात ना? मी ओळखलं." सुलाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमची नोकरी गेली तर आपण कुठे जायचं? तू आत गेलास तेव्हा लतावहिनी गेल्या तिथे, माहेरी, असं मी तिला सांगितलं.

माझं काय होईल ते मला ठाऊक आहे. खोटा जबाब, पुराव्यात फेरफार, आणि तेही हेडक्लार्कने. नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त जाईल. तुझ्याकडे ते लोक सकाळी आले होते, म्हणून मी सकाळी लवकर आंघोळ करून बसतो.

पहिलं पत्र मी तुझ्या नावाने, पण उघडणाऱ्यासाठी लिहिलं होतं. हेही तसंच आहे. इथपर्यंतचं मूळ पत्र आणि चार तारखेचं मूळ पत्र तुझ्या अपिलाच्या कागदांना जोडायला म्हणून आज अकरा वाजता मी माझ्याच कचेरीत दिली, आवक नंबर घेतला. तुला पाठवतोय त्या नकला. तुला परत घेतील की नाही, मला सांगता येत नाही. तू मला माफ कर असंही आता मी म्हणत नाही. चार तारखेला तसं मागितलं होतं, ते वाक्य खोडायचं मनात आलं होतं. खोडलं नाही.

आवाज कुठे ठेवला होता असं तू विचारलंस. तो जिथे होता ती जागा कचेरीत जमा केली आहे. वही एक, पानं चौऱ्याण्णव. पान एक्याऐंशीवर लाल पेन्सिलीच्या सहा रेघा. त्यांच्याखाली आज मी शाईने सही केली आहे, आणि मास्तर म्हणायचे तसा हात थरथरला नाही.

तुझा,
पुंजा
(पुंजाराम केदारे, हेडक्लार्क, आजच्या तारखेपर्यंत)